मुंबईचे जहाज, मुलांची शाळा

पोहायला पुस्तकातून शिकता येत नाही. जहाज चालवण्याचेही तसेच आहे. शीड कसे चढवावे, वल्हे कसे मारावे, वारा कसा ओळखावा, हे प्रत्यक्ष काम केल्याशिवाय कळत नाही. त्यासाठी मुलांना जहाज हवे. जहाज सांभाळायला मात्र पुष्कळ पैसा लागतो. तो कोठून आणायचा? या प्रश्नाशी एका जुन्या जहाजाची गोष्ट जोडलेली आहे. ते जहाज आपल्या मुंबईत बांधलेले आहे.

त्याचे नाव 'ट्रिंकोमाली'. मुंबईच्या गोदीत जमशेटजी बोमनजी वाडिया या कुशल पारशी कारागिराच्या देखरेखीखाली ते तयार झाले. १२ ऑक्टोबर १८१७ रोजी ते पाण्यात उतरले. ब्रिटिश आरमारासाठी ते मुंबईत का बांधले? नेपोलियनशी झालेल्या युद्धांमुळे ब्रिटनमध्ये ओकचे लाकूड कमी पडू लागले होते. मलबारचे सागवान त्याहून टिकाऊ होते. ओकच्या लाकडातील आम्लामुळे लोखंडी खिळे गंजतात. सागवानात तेल असते. त्यामुळे त्यातील खिळे लवकर गंजत नाहीत.

आता दुसऱ्या एका जहाजाची हकीकत पाहू. 'फूद्रॉयाँ' हे एकेकाळी नेल्सन या प्रसिद्ध सेनापतीचे जहाज होते. ते मोडीत निघाले, तेव्हा १८९२ साली जॉर्ज व्हीटली कॉब यांनी ते वाचवले. त्यावर मुलांना खलाशाचे काम शिकवावे, असे त्यांच्या मनात होते. दुरुस्तीला मोठा खर्च आला. तो भरून काढण्यासाठी कॉब ते जहाज समुद्रकाठच्या सहलीच्या गावी नेऊ लागले. लोक पैसे देऊन जहाज पाहत आणि जहाजावरची मुले काम शिकत. परंतु जून १८९७ मध्ये ब्लॅकपूल येथे मोठे वादळ झाले. नांगराचा साखळदंड तुटला आणि जहाज किनाऱ्यावर आदळले. माणसे वाचली, पण जहाज गेले.

कॉब यांनी धीर सोडला नाही. त्याच वर्षी ट्रिंकोमालीही मोडीत निघाले होते. कॉब यांनी ते विकत घेतले आणि त्यालाच 'फूद्रॉयाँ' हे नाव दिले. पुढे कित्येक वर्षे, १९८६ पर्यंत, या जहाजावर मुले राहायला येत. ती कापडी झोळ्यांत झोपत, वल्ही मारत, लहान होड्या शिडांवर चालवत. घरी कोणी श्रीमंत असो वा गरीब, जहाजावर दोर सर्वांनाच ओढावा लागे. एकाने हात सोडला, तर भार दुसऱ्यांवर पडे. शिस्त आणि सहकार्य हे धडे असे कामातूनच मिळत.

जहाज आता फार जुने झाले होते. १९८७ साली ते हार्टलपूल या गावी आणले गेले. कारागिरांनी अनेक वर्षे खपून त्याची दुरुस्ती केली. २००१ साली हे काम पूर्ण झाले. त्याला मूळचे नावही परत मिळाले. पाण्यावर तरंगणारे ते सर्वांत जुने ब्रिटिश लढाऊ जहाज आहे. आता ते सफरीवर जात नाही. ते एक संग्रहालय आहे. दूरदूरचे पर्यटक तिकीट काढून ते पाहतात. शाळांच्या सहलीही तेथे येतात. पूर्वीचे खलाशी कसे राहत व काय काम करत, हे मुलांना जहाजावर फिरून समजते. दोनशे वर्षांनंतरही त्यातील निम्म्याहून अधिक लाकूड मूळचेच आहे.

मित्रांनो, आपल्या कोकणच्या किनाऱ्यावरही पर्यटक येतात. ते किल्ले पाहतात, होडीतून फिरतात आणि परत जातात. तेथे होड्या बांधणारे कारागीर आहेत. वारा आणि भरती-ओहोटी जाणणारे तांडेल आहेत. पर्यटकांच्या पैशातील थोडा वाटा मुलांना ही विद्या शिकवण्यासाठी वापरला, तर ती टिकून राहील. जुनी वस्तू नुसती पाहण्यासाठी जपली, तर ती शोभेची ठरते. तिच्यातून कोणी काही शिकले, तर ती जिवंत राहते.