एक फासा, पाच नाणी

आज विषमतेकडे वळायचं ठरलं होतं. पण नाशिकच्या एका वाचकताईंचं पत्र आलं, आणि ते बाजूला ठेवणं मला जमेना. त्यांच्या घरचा ल्यूडोचा फासा हरवला. मुलांनी तोडगा काढला: पाच नाणी एकदम उडवायची आणि जितके छापे पडतील त्यात एक मिळवायचा. दान एक ते सहामधलंच पडणार. तरीही सोंगट्या घराबाहेर निघेनात. असं का?

प्रश्न फार सुंदर आहे. सरासरी काढा, दोन्हीकडे 3.5. मध्यकही 3.5. किमान 1, कमाल 6, आणि दोन्ही वाटण्या सममित. गेल्या आठवड्यातल्या मापांना यांच्यात काहीच फरक दिसत नाही.

आता स्तंभ काढून बघा. फाशाचे सहाही स्तंभ एका उंचीचे, माथा सपाट. पाच नाणी पडण्याच्या मांडण्या 32, आणि त्या 1 ते 6 या दानांत अशा वाटल्या जातात: 1, 5, 10, 10, 5, 1. मधे उंचवटा, कडेला जवळजवळ काही नाही. सहा पडायला पाचही छापेच हवेत, त्याची मांडणी एकच. तीन पडायला दोन छापे पुरतात, आणि ते दोन कोणत्याही नाण्यांवर पडोत, अशा जोड्या 10. म्हणून फाशावर सहासाठी सरासरी 6 फेकी लागतात, तर नाण्यांवर 32! मुलं कंटाळली नसती तरच नवल. प्रमाण विचलन मात्र हा फरक पकडतं: फाशाचं 1.71, नाण्यांचं 1.12.

मांडण्या मोजण्याचा हा धडा गॅलिलिओनंही दिला आहे. तीन फाशांची बेरीज 9 यायला सहा त्रिकुटं, 10 यायलाही सहाच. तरी जुगाऱ्यांना 10 किंचित जास्त वेळा पडताना दिसे. त्यानं त्रिकुटांचे क्रम मोजले. 3-3-3 एकाच तऱ्हेनं पडतं, 1-3-6 सहा तऱ्हांनी. एकूण 216 पैकी 9 साठी 25 आणि 10 साठी 27.

ताईंच्या मुलांसाठी उपाय नाण्यांतच आहे, तीनच पुरेत. रुपयाच्या छाप्याला 1, दोन रुपयांच्या छाप्याला 2 आणि पाच रुपयांच्या छाप्याला 4 गुण द्या; काट्याला शून्य. बेरीज 0 ते 7 येईल, आणि प्रत्येक बेरजेची मांडणी नेमकी एक. 0 किंवा 7 आले तर पुन्हा उडवा. उरलेली सहा दानं अगदी सारख्या संधीची. छापे नुसते मोजले की उंचवटा येतो. प्रत्येक नाण्याला वेगळं वजन दिलं की माथा सपाट होतो.

विषमता आता पुढच्या आठवड्यात. तोवर घरात कवड्या असतील तर पाच कवड्या पुष्कळदा टाकून उताण्या किती पडतात ते लिहून ठेवा. कवडी नाण्यासारखी दोन्ही बाजूंनी सारखी नसते, त्यामुळे हा उंचवटा मधोमध राहीलच असं नाही. तो कुठे कलतो, तिथूनच सुरुवात करू.