एकवीस सेकंदांची धार

पहाटे भोर तालुक्यातल्या किकवीत महामार्गाची वर्दळ वाढण्याआधी गावातले कुत्रे फेरीला निघतात. मैलाचा दगड, विजेचा खांब, उभ्या टेम्पोचं चाक. प्रत्येक ठिकाणी हुंगायचं, पाय वर करायचा, चार थेंब टाकायचे. ही हद्दीची खूण. पण रात्रभर झोपून उठलेल्या कुत्र्याची पहिली, पोटभर लघवी एकदा घड्याळ लावून पाहा. अमेरिकेतल्या जॉर्जिया टेक संस्थेत पॅट्रिशिया यांग आणि डेव्हिड हू यांच्या गटाने हेच केलं. 2014 साली त्यांनी दाखवून दिलं की तीन किलोंहून जड सस्तन प्राण्याला मूत्राशय रिकामं करायला साधारण 21 सेकंद लागतात, बहुतेकदा तेरा कमी ते तेरा जास्त या टप्प्यात. कुत्रा असो की हत्ती! हत्तीचं मूत्राशय अठरा लिटरचं. पण त्याचा मूत्रमार्ग लांब आणि रुंद असतो, आतल्या पाण्याचं वजनच धारेला जोर देतं आणि तेवढ्याच वेळात सगळं मोकळं होतं.

म्हणून कुत्रा मिनिट-मिनिट कुंथत राहिला आणि थेंब थेंबच आलं, तर ते सवयीवर ढकलू नये. माणसाला असं झालं की आपण ‘उन्हाळी लागली’ म्हणतो आणि धने-जिऱ्याचं पाणी पितो. कुत्र्यासाठी त्यावर विसंबून दिवस घालवू नयेत, नराच्या बाबतीत तर मुळीच नाही.

याचं कारण शरीराच्या रचनेतच आहे. नर कुत्र्याच्या शिश्नात एक हाड असतं, माणसात ते नसतं. त्या हाडाला खालून पन्हळीसारखी खाच असते आणि मूत्रमार्ग तिच्यातून जातो. हाडाच्या कुशीत नळीला फुगायला जागा नाही. मूत्राशयातून निसटलेला मुतखडा बरोबर हाडाच्या मागे येऊन अडतो. घरच्यांना वाटतं, शौचाला होत नाहीये. इकडे मूत्राशय फुगत जातं, रक्तात पोटॅशियम साचतं, हृदयाचे ठोके अडखळू लागतात. एक थेंबही पडत नसेल तर रात्र असली तरी दवाखान्याकडे निघावं. घरातली आयबुप्रोफेन किंवा डायक्लोफिनॅकची गोळी देऊ नये. ती मूत्रपिंडावर आणखी घाव घालते.

मादीचा मूत्रमार्ग आखूड आणि रुंद, त्यामुळे खडा सहसा अडत नाही, पण जंतू सहज वर चढतात. त्यातले काही जंतू लघवीतल्या युरियाचा अमोनिया करतात, लघवी अल्कधर्मी होते आणि तिच्यातल्या क्षारांचा स्ट्रुव्हाइट नावाचा खडा बनतो. जंतूंनी रचलेला दगड! योग्य औषध आणि खास आहार मिळाला तर काही आठवड्यांत तो पुष्कळदा विरघळूनही जातो. कॅल्शियम ऑक्सलेटचा खडा मात्र विरघळत नाही.

लघवी लाल किंवा कॉफीसारखी दिसली तर कानामागे, बोटांच्या बेचक्यांत गोचीड शोधा. गोचिडातून येणारा बॅबेसिया नावाचा परजीवी रक्तपेशी फोडतो आणि त्यांचा रंग लघवीत उतरतो. भोर तालुक्यात पावसाळ्यात भातखाचरं भरतात, तेव्हा आणखी एक भीती असते. लेप्टोस्पायरा हा मळसूत्रासारखा जंतू उंदराच्या मूत्रपिंडात उंदराला न छळता राहतो. त्याचा संसर्ग साचलेल्या पाण्यातून कुत्र्याला होतो, आणि कुत्र्याच्या लघवीतून आपल्यालाही होऊ शकतो. कुत्रा सुस्त झाला, ओकू लागला, डोळे पिवळे दिसले, तर त्याच दिवशी दवाखाना गाठावा आणि लघवी पुसताना हातमोजे घालावेत. या रोगाची लस आहे. ती दरवर्षी टोचून घ्यावी.

किकवीकरांना दूर जावं लागत नाही. साताऱ्याच्या दिशेने नीरा नदी ओलांडली की शिरवळला क्रांतिसिंह नाना पाटील पशुवैद्यक महाविद्यालय आहे. तातडी नसेल तर जाताना सकाळची ताजी लघवी स्वच्छ बाटलीत न्यावी. कुत्र्याने धार सोडली की लांब दांड्याची पळी हळूच खाली धरायची. तिच्यातला एक थेंब सूक्ष्मदर्शकाखाली ठेवला की कॅल्शियम ऑक्सलेटचे स्फटिक चिकटवलेल्या पाकिटासारखे दिसतात, आणि स्ट्रुव्हाइटचे थेट उतरत्या छपराच्या कौलारू घरांसारखे.