एका प्रकाशकणाच्या दोन जोड्या

अकोल्यात मे महिन्यात पारा ४५ अंशांपलीकडे गेला की गच्चीवरच्या सौर तावदानाला हात लाववत नाही. विद्यार्थी मित्रहो, एवढे ऊन म्हणजे विजेची चंगळ, असे तुम्हांला वाटेल. पण तापलेला सिलिकॉनचा सौर घट उलट कमी वीज देतो. आणि त्याला तापवणारी उष्णता काही अंशी त्याच्याच पोटात जन्मते! ती कशी, ते पाहू.

सिलिकॉनमधील इलेक्ट्रॉन मोकळा करण्यास सुमारे १.१ इलेक्ट्रॉन-व्होल्ट ऊर्जा पुरते. प्रकाशकणाची ऊर्जा काढायची तर १२४० ला नॅनोमीटरमधील तरंगलांबीने भागावे. ४०० नॅनोमीटरच्या जांभळ्या प्रकाशासाठी उत्तर येते ३.१. पैकी १.१ कामी आले, उरलेले २ उष्णतेत गेले. सुटे परत न देणाऱ्या दुकानदाराशी केलेलाच हा व्यवहार! अशा अटळ गळतीमुळे एका पदार्थाचा साधा सौर घट उन्हाचा फार तर एक-तृतीयांश भाग वीज करू शकतो. या मर्यादेचे गणित शॉक्ली व क्वाइसर यांनी १९६१ साली मांडले.

मग उरलेल्या ऊर्जेतून दुसरा इलेक्ट्रॉन का सोडवू नये? कार्बनच्या नॅनोनलिकेत हे घडू शकते. षटकोनी जाळीची ही गुंडाळी एखादा नॅनोमीटर रुंद असते. एवढ्या अरुंद जागेत इलेक्ट्रॉन व त्याने मागे सोडलेली पोकळी एकमेकांना धरून राहतात. या जोडीला एक्सायटॉन म्हणतात. जादा ऊर्जेची जोडी दुसरी जोडी घडवू शकते. कॉर्नेल विद्यापीठातील संशोधकांनी २००९ साली एकाच नलिकेत, अतिशीत तापमानाला, असे गुणन पाहिले.

मात्र येथे शर्यत असते. अणूंची थरथर जादा ऊर्जा ओढून घेऊ पाहते. ती आधी, की दुसरी जोडी आधी? हे डोळ्यांना दिसत नाही. म्हणून संगणकात अणू मांडून पुंजयांत्रिकीने दोन्ही क्रियांचे वेग काढतात. अमेरिकेत क्रिजेव्हस्की व सहकाऱ्यांनी २०१७ साली काही नलिकांसाठी असे गणित केले. किमान ऊर्जेच्या तिप्पट ऊर्जा मिळाल्यास एका प्रकाशकणामागे सुमारे १.६ जोड्या, असे उत्तर आले.

असल्या गणितांना महासंगणक लागतात. भारताचा ‘परम ८०००’ १९९१ साली पुण्याच्या सी-डॅकमध्ये ज्यांच्या नेतृत्वाखाली तयार झाला, ते डॉ. विजय भटकर मूळचे अकोला जिल्ह्यातील मुरंब्याचे!

जोड्या विझण्यापूर्वी त्यांतील इलेक्ट्रॉन तारेपर्यंत नेणे, हे काम अजून कठीणच आहे. तोवर तुम्ही वहीत एक गणित करा. एका जोडीला १.२७ इलेक्ट्रॉन-व्होल्ट लागत असतील, तर ५५० नॅनोमीटरचा हिरवा प्रकाशकण दोन जोड्या देईल काय?