तापते छत आणि सौरवीज

भारतातील पहिले अणुविद्युत केंद्र १९६९ साली ज्या तारापूरच्या किनाऱ्यावर कार्यान्वित झाले, त्याच परिसरातील बोईसरच्या नव्या वसाहतींत दुपारी तापलेले सिमेंटचे छत मध्यरात्रीपर्यंत खाली उष्णता ओतीत राहते आणि पंख्याखालीही माणसास निद्रा येत नाही, ही स्थिती विचार करण्याजोगी आहे. याच जिल्ह्यातील वारली पाड्यांवर कारवीच्या काठ्यांचा कूड उभारून तो शेणमातीने लिंपतात. कौलांच्या फटींतून तापलेली हवा वर निघून जाते आणि पुढे आलेल्या वळचणीमुळे भिंतीवर ऊन ठरत नाही. हे शहाणपण नव्या इमारतीतही उतरविता येते: छतावर पांढऱ्या चुन्याचा थर, पश्चिमेस मधे पोकळी ठेवलेली दुहेरी भिंत, खिडक्यांवर रुंद छज्जे. पैसा प्रथम येथे खर्चावा, असे माझे स्पष्ट मत आहे. कारण विजेची गरज घटली की सौर संचही लहान पुरतो.

एक किलोवॉटच्या संचास सुमारे १०० चौरस फूट सावलीविरहित जागा लागते व निरभ्र दिवशी तो चारएक युनिट वीज देतो. पॅनेल दक्षिणाभिमुख, सुमारे २० अंश कलते असावेत. खाऱ्या वाऱ्याने लोखंड गंजते, म्हणून सांगाडा जस्तलेपित घ्यावा. आषाढ-श्रावणात उत्पादन घटते, परंतु नेट मीटरमुळे उन्हाळ्यातील शिल्लक तेव्हा वळती होते. २०२४ च्या प्रधानमंत्री सूर्यघर योजनेत तीन किलोवॉटच्या संचास ७८,००० रुपये अनुदानाची तरतूद आहे. तथापि अर्ज दाखल करण्यापूर्वी घरमालकांनी छताचा बंदोबस्त करावा, ही आग्रहाची विनंती.