पिकअपचा हौदा आणि मुलांची झोप

भाजीची पोती, दुधाचे कॅन, मांडवाचे सामान, शेळ्या-मेंढ्या असे काहीही वाहणारी पिकअप आपल्या रस्त्यांना नवी नाही. नवी आहे ती तिची दुसरी ओळख. इसुझूची डी-मॅक्स व्ही-क्रॉस २०१६ मध्ये आणि टोयोटाची हायलक्स २०२२ मध्ये भारतात आली. पुढे दोन रांगांची केबिन आणि मागे हौदा असलेली ही गाडी तेव्हापासून हौसेने घेतली जाऊ लागली. ज्यांना ती परवडत नाही ते महिंद्राची जुनी बोलेरो कॅम्पर घेऊन ओळखीच्या गॅरेजात हवी तशी करून घेतात. शनिवारी पहाटे निघायचे, भंडारदऱ्याच्या काठी किंवा दापोलीकडच्या एखाद्या किनाऱ्यावर मुक्काम करायचा, रविवारी रात्री परत. मुले लहान आहेत म्हणून डोंगर सोडायचे नाहीत, असे ठरवलेल्या तिशीतल्या आईवडिलांना ही गाडी सोयीची वाटते, आणि ती तशी आहेही.

गाडी घरी आली की खर्चाची यादी सुरू होते. जाड टायर, पुढे दिव्यांची पट्टी, चिखलातून ओढून काढणारे विंच, हौद्यावर फायबरचा बंद टप, छतावर उघडणारा तंबू. मुलांची सुरक्षित आसने या यादीत बरीच खाली असतात. कार्बन मोनॉक्साइडचा इशारा देणारे यंत्र तर बहुतेक याद्यांत नसतेच. ते खरे म्हणजे टपाच्या आधी यायला हवे.

टप बसला की हौद्याची एक छोटी खोली होते. खाली गादी, वर पिवळा दिवा, बाजूला सरकती काच. परतीच्या वाटेवर मुले पेंगुळतात आणि म्हणतात, आम्ही मागेच झोपतो. आईवडिलांनाही ते पटते. उघड्या हौद्यातून माणसे नेणे धोक्याचे असते, हे वऱ्हाडाच्या आणि ऊसतोड मजुरांच्या पिकअपना झालेल्या अपघातांमुळे सर्वांना माहीत आहे. इथे मात्र चारी बाजूंनी बंद आहे, मूल पडणार कसे? पडण्याची भीती गेली की दुसरी कुठली भीती मनात येत नाही.

ती दुसरी भीती अमेरिकेतल्या डॉक्टरांनी तीस वर्षांपूर्वीच लिहून ठेवली आहे. सिएटलच्या व्हर्जिनिया मेसन वैद्यकीय केंद्रात विषारी वायूची बाधा झालेल्या रुग्णांना उच्च दाबाखाली ऑक्सिजन देण्याची सोय आहे. तिथे काही वर्षांत कार्बन मोनॉक्साइडच्या अपघाती बाधेमुळे आलेल्या ६८ मुलांच्या नोंदी तपासल्या गेल्या. त्यांतली २० मुले पिकअपच्या हौद्यातून प्रवास करत होती. १७ जण कडक बंद टपाखाली होते, तिघे ताडपत्रीखाली. त्यांतले एक मूल मेंदूला सूज येऊन दगावले, एकाच्या मेंदूला कायमची इजा झाली, बाकीची बरी झाली. १९९२ मध्ये अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात हे प्रसिद्ध झाले. त्यातली एक नोंद गाडी घेणाऱ्या प्रत्येकाने लक्षात ठेवावी अशी आहे. या सर्व गाड्यांच्या सायलेन्सरमध्ये एकतर आधीपासून माहीत असलेली गळती होती, नाहीतर धुराची नळी बाजूला न उघडता गाडीच्या मागे उघडत होती.

मागे सुटलेला धूर मागेच राहायला हवा, तो आत कसा येतो? कच्च्या रस्त्यावरून धावणाऱ्या एसटीच्या शेवटच्या बाकावर बसलेल्याला हे समजावून सांगावे लागणार नाही. धूळ उडते चाकांमागे, पण जमते ती मागच्या काचेवर आणि शेवटच्या प्रवाशांच्या केसांत. खोक्यासारखी गाडी हवा कापत पुढे जाते, तेव्हा तिच्या मागे हवेचा दाब कमी होतो. तिथे भोवरे तयार होतात आणि हवा गाडीच्या पाठीकडे ओढली जाते. टपाच्या दाराची रबरी पट्टी सैल असेल, फाळक्याच्या कडेला फट असेल किंवा वायर आत घेण्यासाठी तळाला भोक पाडलेले असेल, तर तिथून धूळ शिरते. जिथून धूळ शिरते तिथून धूरही शिरतो. मुलांना वारा लागावा म्हणून मागचे झाकण अर्धवट उघडे ठेवले, तर धुराला वाटच मिळते.

आपल्याकडच्या पिकअप बहुतेक डिझेलवर चालतात. डिझेल इंजिन पेट्रोलच्या मानाने कार्बन मोनॉक्साइड कमी सोडते, हे खरे आहे. कमी म्हणजे शून्य नव्हे, आणि सायलेन्सर गळका असलेल्या जुन्या गाडीच्या बाबतीत त्या भरवशावर राहू नये. शिवाय डिझेलचा धूर कर्करोगकारक असल्याचे जागतिक आरोग्य संघटनेच्या कर्करोग संशोधन संस्थेने २०१२ मध्येच जाहीर केले आहे.

कार्बन मोनॉक्साइडला रंग नाही, वास नाही. रक्तातल्या हिमोग्लोबिनला तो ऑक्सिजनपेक्षा दोनशे पटींहून अधिक घट्ट चिकटतो आणि त्याची जागा अडवतो. मुलांचा श्वास मोठ्यांपेक्षा जलद असतो, त्यामुळे ती लवकर बाधतात. सुरुवात होते डोके दुखण्याने, मग मळमळ, उलटी, ग्लानी. आता हाच क्रम घाटातल्या वळणांवर आठवून पाहा. मागे झोपलेल्या मुलीने उलटी केली तर घरातले काय म्हणतील? ‘गाडी लागली.’ आल्याचा तुकडा देतील, ती पुन्हा झोपली की सुटकेचा निःश्वास टाकतील. गाडी लागलेले मूल गाडी थांबून मोकळी हवा मिळाली की थोड्या वेळात तरतरीत होते. हाक मारूनही नीट जागे न होणारे, अडखळत चालणारे, किंवा एकाच वेळी भावंडासह डोके दुखते म्हणणारे मूल गाडी लागलेले नसते.

कोरोनाच्या काळात घरोघरी आलेला पल्स ऑक्सिमीटर इथे फसवतो. बोटाला लावायचे ते साधे यंत्र ऑक्सिजनने भरलेले आणि कार्बन मोनॉक्साइडने अडवलेले हिमोग्लोबिन यांत फरक करू शकत नाही. मूल गुंगीत असते आणि आकडा ९८ दिसतो. तो पाहून घरी थांबू नये. रुग्णालय गाठावे आणि ‘गाडीच्या मागच्या भागात झोपलेले होते’ हे वाक्य डॉक्टरांना आवर्जून सांगावे, कारण विचारल्याशिवाय ते कुणी सांगत नाही आणि सुचल्याशिवाय कुणी विचारत नाही. साध्या हवेत या वायूचे रक्तातले प्रमाण निम्म्यावर यायला चार ते सहा तास लागतात. मास्कने शुद्ध ऑक्सिजन दिला तर साधारण तास-दीड तासात ते उतरते.

चालत्या गाडीत मुले हौद्यात नकोत, हे एकदा ठरले की उभ्या गाडीत झोपण्याचा प्रश्न उरतो. टपाखाली झोपायला हरकत नाही. इंजिन बंद हवे, समोरासमोरच्या दोन खिडक्या बोटभर तरी उघड्या हव्यात, आणि आत काहीही जळता कामा नये. गॅसची शेगडी नको, विझत आलेले कोळसे नकोत, जवळ चालू जनरेटर नको. डिसेंबर २०२४ मध्ये केरळात वडकरा येथे रस्त्याकडेला उभ्या असलेल्या कॅरव्हॅनमध्ये दोघे मृतावस्थेत सापडले. तपासात जनरेटरमधून आत शिरलेला कार्बन मोनॉक्साइड हेच कारण निघाले. बॅटरीवर चालणारे इशारायंत्र झोपेच्या उंचीवर लावावे. हा वायू साधारण हवेइतकाच जड असल्याने तो खाली साचत नाही, सगळीकडे मिसळतो. स्वयंपाकाच्या गॅसचे उलट आहे. तो हवेपेक्षा जड, म्हणून गळला तर हौद्याच्या तळाशी तळ्यासारखा साचतो. छोटा सिलिंडर झोपताना गाडीबाहेर, उभा ठेवावा.

हौद्यात झोपण्याचा एक फायदाही आहे, तो सांगायलाच हवा. मण्यार हा साप रात्री हिंडतो आणि जमिनीवर झोपलेल्यांना चावतो. दंश बऱ्याचदा दुखत नाही, सूज येत नाही, पहाटे पोटात दुखू लागते आणि पापण्या मिटू लागतात. जमिनीपासून हातभर उंच, फाळका लावलेला हौदा आणि आत नीट खोचलेली मच्छरदाणी हे मातीवर लावलेल्या तंबूपेक्षा पुष्कळ बरे. मुक्कामाच्या जवळचे, सर्पदंशावरची लस असलेले रुग्णालय कोणते हे निघण्याआधीच विचारून ठेवावे. १०८ क्रमांक सर्वांना पाठ असतो, मोबाइलची रेंज मात्र धरणाच्या काठी नसते.

मुलांची प्रवासातली जागा केबिनच्या मागच्या रांगेत, आपापल्या आसनात. ‘मी घट्ट धरून बसते’ हे भौतिकशास्त्राला मान्य नाही. ताशी ५० किलोमीटरने जाणारी गाडी आदळून सेकंदाच्या दहाव्या भागात थांबली, तर १० किलोच्या बाळाला धरून ठेवायला सुमारे १४० किलो वजन पेलण्याइतका जोर लागतो. दोन वर्षांखालच्या मुलाचे आसन मागे तोंड करून बसवावे, कारण त्याचे डोके शरीराच्या मानाने मोठे आणि मान कोवळी असते. जुनी कॅम्पर घेताना मागच्या आसनाला खांद्यावरून जाणारे पट्टे आहेत का, हे इंजिनाच्या आवाजाआधी पाहावे. नव्या गाडीत आयसोफिक्सचे हुक शोधावेत. २०१९ च्या कायदादुरुस्तीनंतर चौदा वर्षांखालचे मूल पट्ट्याविना किंवा बालआसनाविना नेल्यास एक हजार रुपये दंड आहे. एका चांगल्या टायरच्या किमतीपुढे ही रक्कम किरकोळ आहे, म्हणून तिचा धाक वाटत नाही.

सामानाबद्दल थोडक्यात. पिकअपचे मागचे पाटे ओझ्यासाठी बनवलेले असतात, रिकामा हौदा ओल्या वळणावर घसरतो, आणि छतावर तंबू चढवला की गाडीचा तोल वर सरकतो. पाण्याचे कॅन सगळ्यात खाली, केबिनच्या भिंतीला टेकवून, पट्ट्याने बांधून ठेवावेत. २० लिटरचे चार कॅन म्हणजे ८० किलो, एका मोठ्या माणसाएवढे. टप किंवा तंबू कायमचा बसवण्याआधी आरटीओत विचारावे. मोटार वाहन कायद्याच्या ५२ व्या कलमात नोंदणीतल्या तपशिलांत परस्पर बदल करायला मनाई आहे.

उंच बोनेटची ही गाडी चालवणाऱ्याला अगदी पुढे उभे असलेले तीन वर्षांचे मूल दिसत नाही, फाळक्यामागचेही दिसत नाही. मुक्कामावर मुले गाडीभोवतीच खेळतात. निघताना आधी त्यांना आसनांत बसवून पट्टे लावावेत, मग गाडीभोवती एक फेरी मारावी आणि त्यानंतर किल्ली फिरवावी.