शत्रूचे मूल आणि पिर्रुसची माया

राजाने शत्रूच्या पोराला पोटाशी धरले, की वाचक त्याला थोर मनाचा ठरवून मोकळा होतो. रासीनचे ‘आंद्रोमाक’ हे फ्रेंच नाटक पहिल्यांदा अनुवादातून वाचले तेव्हा मीही तेच केले. वसतिगृहातल्या माझ्या खोलीसोबत्याने मात्र एकच प्रश्न केला, “त्या पोराची आई म्हातारी असती, तर?” मला उत्तर सुचले नाही. म्हणून नाटक पुन्हा वाचायला घेतले.

हे नाटक १६६७ साली रंगभूमीवर आले. त्रॉय जळून गेले आहे. हेक्टरला अकिलीसने मारले. त्याच अकिलीसचा मुलगा पिर्रुस आता एपिरसचा राजा आहे आणि हेक्टरची विधवा आंद्रोमाक व तिचा लहानगा अस्त्यानाक्स त्याच्या वाट्याला आलेले बंदी आहेत. युरिपिडीसच्या ‘त्रॉयच्या स्त्रिया’ या नाटकात (इ. स. पू. ४१५) हे मूल तटावरून खाली टाकले जाते. रासीनने त्याला जिवंत ठेवले आणि तसे का केले याचा खुलासा प्रस्तावनेत केला. मूल जगले नाही तर पिर्रुसची परीक्षा घेता येत नाही, हे त्याने ओळखले असावे.

पहिल्या अंकात ग्रीकांचा दूत ओरेस्त हे मूल मागायला येतो. हेक्टरचा वंश उद्या सूड घेईल, ही त्यांची भीती. पिर्रुसचे उत्तर ऐकण्यासारखे आहे. एका पोराला एवढा ग्रीस भितो? मारायचेच होते तर नगर पेटले होते त्या रात्री मारायचे. त्या वेळच्या क्रोधात सारे क्षम्य होते. आता राग शमल्यावर थंडपणे बालहत्या का करायची? हे वाचून मी समासात ‘धन्य!’ असे लिहिले होते. दोनच प्रवेशांनंतर तो शब्द खोडावा लागला. कारण तोच पिर्रुस आंद्रोमाकजवळ येऊन म्हणतो, की सगळा ग्रीस अंगावर घेऊन तुझ्या मुलाला वाचवीन, त्रॉय पुन्हा उभे करीन, तिथे त्याला राज्याभिषेक करीन. पण तू माझ्याकडे जरा मायेने पाहा. ती नकार देते. लगेच सूर पालटतो: आईच्या तुसडेपणाचा जाब मुलगा देईल.

म्हणजे माझ्या मित्राचा प्रश्न तीनशे वर्षांपूर्वीच विचारला गेला होता, आणि तोही खुद्द आंद्रोमाकने. ती पिर्रुसला विचारते, की एवढे उदात्त कृत्य लोकांनी प्रेमिकाची लहर म्हणून का ओळखावे? आईच्या हृदयाची किंमत न मागता मुलाला वाचवणे, हेच अकिलीसच्या मुलाला शोभेल. राजाला एवढे स्पष्ट सांगणारी बंदिवान स्त्री मी दुसऱ्या कुठल्या नाटकात वाचलेली नाही.

मराठी वाचकाला इथे शाहूमहाराज आठवल्याशिवाय राहत नाहीत. १६८९ साली छत्रपती संभाजीमहाराजांची हत्या झाली, रायगड पडला आणि सात वर्षांचे शाहू येसूबाईंसह मोगलांच्या हाती लागले. औरंगजेबाने त्यांना राजा हा किताब आणि सात हजारी मनसब दिली. ती माया होती की हुकमाचे पान हातात ठेवणे? १७०७ मध्ये आझमशाहाने शाहूंना सोडले, येसूबाईंना मात्र मोगलांकडेच राहावे लागले. आणि इकडे शाहू व ताराबाई यांच्यात लढाई जुंपली. यातला हिशेब समजायला अवघड नाही.

पिर्रुसचा हिशेब असा जुळत नाही, आणि माझी अडचण तिथेच आहे. मुत्सद्दी म्हणून त्याने मुलाला ओलीस ठेवायला हवे होते. तो करतो ते सगळे उलटेच. मधे एकदा तो मूल ग्रीकांना द्यायलाही तयार होतो. मग ‘लग्न कर, नाही तर मूल मरेल’ असा अखेरचा पेच टाकतो. आंद्रोमाक होकार देते, पण लग्न लागताच स्वतः जीव द्यायचा असे मनाशी ठरवून. इथपर्यंत मित्राची बाजू पूर्णपणे खरी. पण देवळात जाताना पिर्रुस आपले सारे रक्षक मुलाच्या भोवती ठेवतो. धोका काय तो मुलालाच, अशी त्याची समजूत. वेदीपाशी तो मुलाला पित्याचे प्रेम देण्याचे वचन देतो, त्याला त्रॉयचा राजा म्हणून जाहीर करतो, आणि चिडलेले ग्रीक तिथेच त्याला मारतात. त्याच्या बाजूला एकही रक्षक नसतो.

मित्र अजूनही म्हणतो, की हा सौद्याचाच शेवटचा हप्ता. मूल गेले असते तर नवरीही गेली असती. त्याचे म्हणणे मला खोडता येत नाही. पण सौदा करणारा माणूस चार शिपाई तरी स्वतःपाशी ठेवतो, असे मला वाटते. हेतू मलिन होता हे मी मान्य करतो. रक्षक पाठवले तेही खरे, आणि या दोन गोष्टींचा मेळ रासीनने मुद्दामच घातलेला नाही.

शेवटी आंद्रोमाक जीव देत नाही. पिर्रुसची विधवा म्हणून ती त्याच्या खुनाचा सूड घ्यायची आज्ञा देते. ज्याच्यासाठी हे सारे घडले तो अस्त्यानाक्स मात्र पाचही अंकांत एकदाही रंगमंचावर येत नाही. तो दूर एका गढीत आहे, पिर्रुसच्या रक्षकांच्या पहाऱ्यात.