बरोबरच्या चिन्हाचा जनक आणि त्याचे गाववाले

महाराष्ट्रातल्या कुठल्याही शाळकरी मुलाची गणिताची वही उघडा, ओळीओळीत दोन आडव्या रेघा दिसतील. त्या पहिल्यांदा छापल्या गेल्या १५५७ साली. त्या काढणारा रॉबर्ट रेकॉर्ड वेल्समधल्या टेनबी या समुद्रकाठच्या गावचा. वेल्सच्या शास्त्रज्ञांना जग सरसकट ‘इंग्रज’ म्हणून मोकळे होते, आणि हा त्यांच्यावर अन्यायच आहे.

रेकॉर्ड पेशाने डॉक्टर. टांकसाळीचा कारभारही त्याने पाहिला, पण जीव रमला शिकवण्यात. विद्वान मंडळी लॅटिनमध्ये लिहीत असताना त्याने साध्या इंग्रजीत पुस्तके लिहिली. अंकगणित तर चक्क गुरू-शिष्याच्या संवादातून शिकवले: शिष्य अडतो, विचारतो, गुरू उलगडून सांगतो. ‘द व्हेटस्टोन ऑफ विट’ लिहिताना ‘च्या बरोबर आहे’ हे पालुपद टाळण्यासाठी त्याने सारख्या लांबीच्या दोन समांतर रेघा ओढल्या. याहून सारख्या दोन वस्तू असूच शकत नाहीत, हे त्याचे कारण. त्या रेघा आजच्यापेक्षा बऱ्याच लांब होत्या. त्या पुस्तकातले पहिले समीकरण आजच्या पद्धतीने लिहिले तर १४क्ष + १५ = ७१. क्षची किंमत ४.

एका बड्या सरदाराशी, अर्ल ऑफ पेम्ब्रोकशी, त्याचे वैर जडले. बदनामीचा खटला झाला, हजार पौंडांचा दंड बसला आणि १५५८ साली लंडनच्या तुरुंगात रेकॉर्ड वारला.

वर्तुळाच्या परिघाला व्यासाने भागले की जी संख्या येते, तिला π हे चिन्ह १७०६ साली दिले तेही वेल्सच्याच विल्यम जोन्सने. अँगलसी बेटावरच्या एका छोट्या शेतकऱ्याचा हा मुलगा. जहाजांवर गणित शिकवत तो पुढे आला. चिन्ह रुळले मात्र नंतर, गणिती ऑयलरने वापरल्यावर. याच जोन्सचा मुलगा, त्याचेही नाव विल्यम, १७८३ साली न्यायाधीश म्हणून कलकत्त्याला आला. पुढच्याच वर्षी त्याने एशियाटिक सोसायटी स्थापली आणि १७८९ मध्ये कालिदासाचे ‘शाकुंतल’ इंग्रजीत आणले. बापलेकांची अशी जोडी विरळाच!

वेल्समधल्याच स्वान्झीच्या विल्यम ग्रोव्हने, जो पुढे न्यायाधीश झाला, हायड्रोजन आणि ऑक्सिजनच्या संयोगातून वीज मिळवून दाखवली. सोबत तयार होते ते फक्त पाणी. शंभराहून अधिक वर्षांनी अपोलो यानांना वीज याच तत्त्वाच्या इंधनघटांनी पुरवली, आणि त्यातले पाणी अंतराळवीर प्याले.

कार्डिफच्या ब्रायन जोसेफसनने अतिसंवाहकांविषयी, म्हणजे विनारोध वीज वाहू देणाऱ्या पदार्थांविषयी, आपले भाकीत मांडले ते अवघ्या बाविसाव्या वर्षी. १९७३ साली त्याला नोबेल मिळाले.

कोळशाच्या खाणींसाठी प्रसिद्ध असलेल्या ऱ्होंडा खोऱ्यात, ट्रिऑर्कीला, डोनाल्ड डेव्हिस जन्मला. संदेशाचे लहान तुकडे करायचे, ते जाळ्यातून मिळेल त्या वाटेने धाडायचे आणि मुक्कामी पुन्हा जोडायचे, ही कल्पना त्याने १९६५ साली मांडली. अमेरिकेत पॉल बॅरनही स्वतंत्रपणे तिथेच पोचला होता. आजचे इंटरनेट याच तत्त्वावर चालते.